हॅमलडाउनच्या माथ्यावरील राशी आणि त्यांच्या पोटातील खळगे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टमध्ये आपण कुटुंबासह इंग्लंडमधील डेव्हन काउंटीत डार्टमूरला गेला होतात. वाइडकम गावाकडून हॅमलडाउनच्या डोंगरधारेवर चढलात आणि माथ्यावर ओळीने असलेले गवताळ उंचवटे व दगडांच्या राशी पाहिल्या. त्यांपैकी एका राशीच्या मधोमध खळगा होता आणि जवळच्या उभ्या दगडावर ‘टू बरोज, डी एस, १८५४’ अशी अक्षरे कोरलेली होती. ही थडगी १८५४ सालची आहेत का, ती आता आतून रिकामी आहेत का, नागपूरजवळची शिलावर्तुळे आणि ही थडगी एकाच लोकांनी उभारली असतील का, आणि घर व्हावे म्हणून आपल्या सासूबाईंनी एका राशीवर दगडावर दगड रचून छोटी उतरंड केली ते चालते का, असे आपण विचारले आहे. सोबत छायाचित्रेही पाठवली आहेत. माझे उमेदीचे दिवस विदर्भातल्या शिलावर्तुळांत गेले आणि पुढची बरीच वर्षे ब्रिटनमधील उंच माळरानांवरच्या अवशेषांच्या पाहणीत गेली. त्यामुळे या प्रश्नांकडे मला दोन्ही बाजूंनी पाहता येते.

सालाचा उलगडा सोपा आहे. ‘डी एस’ म्हणजे ड्यूक ऑफ सॉमरसेट. त्याच्या नॅट्सवर्दी जहागिरीची हद्द या धारेवरून जात होती आणि १८५४ मध्ये ती पक्की करताना त्याच्या माणसांनी हद्दीचे दगड रोवून त्यांवर जवळच्या खुणांची नावे कोरली. आपल्याकडे गावाची शीव ठरवताना जुना वड किंवा पडके देऊळ खूण म्हणून धरतात, तसेच येथे आयते उभे असलेले प्राचीन उंचवटे धरले गेले. त्याच धारेवर आपण आणखी एक उभा दगड पाहिला असेल. तो १९४१ च्या मार्चमध्ये तेथे कोसळलेल्या बॉम्बफेकी विमानातील चार जणांचे स्मारक आहे. उंचवटे मात्र या दोन्हींहून फार जुने, कांस्ययुगाच्या पूर्वार्धातले, म्हणजे ढोबळमानाने साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. दगडांच्या राशीला तिकडे केअर्न आणि मातीच्या उंचवट्याला बॅरो म्हणतात. हॅमलडाउनवर दोन्हींचे मिश्रण दिसते, कारण माती आणि गवताच्या आवरणाखाली अनेकदा दगडांचा गाभा असतो.

अशी रास कशी रचली जाई, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. बहुधा मृतदेहाचे दहन करीत, उरलेली हाडे वेचून घेत आणि चार-पाच सपाट शिळा उभ्या करून केलेल्या लहानशा पेटीत किंवा जमिनीतल्या खड्ड्यात ठेवीत. पेटीवर झाकणशिळा येई. तिच्यावर आणि भोवती दगड, माती, गवताची ढेकळे रचली जात आणि पुष्कळदा परिघावर मोठ्या दगडांची कड बसवली जाई. प्रत्येक राशीखाली दफन सापडतेच असे नाही. काहींत ते मुळातच नसावे, आणि शेत मोकळे करताना वेचलेल्या दगडांचे साधे ढीगही दुरून असेच दिसतात. म्हणून पाहणी करताना मी आधी माथा पाहत नाही, कड शोधतो. राशीच्या पायथ्याशी गवत जेथे दगडांना भिडते तेथे गुडघ्यावर बसून हाताने चाचपत गेले, की सारख्या अंतरावर बसवलेले, किंचित बाहेर झुकलेले मोठे दगड लागत जातात. तीन-चार दगड एका वक्र रेषेत लागले की ही विचारपूर्वक रचलेली वास्तू आहे याची खात्री पटते.

जागेची निवडही विचारपूर्वक होती. आपण लिहिले आहे की काही उंचवटे अगदी शिखरावर नसून थोडे खाली आहेत, आणि हे निरीक्षण नेमके आहे. डोंगर घुमटाकार असेल तर खालच्या खोऱ्यातून त्याचे खरे शिखर दिसतच नाही. दिसते ती उताराची कड. तिच्यावर बांधलेली रास खोऱ्यात गुरे राखणाऱ्याला आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. हॅमलडाउनच्या उत्तरेला, हूकनी टोर आणि हॅमलडाउन टोर यांच्यामधल्या खिंडीजवळ ग्रिम्सपाउंड ही दगडी कोटाने वेढलेली कांस्ययुगीन वस्ती आहे. तिच्यात चोवीस गोल घरांचे पाये आहेत. ती वस्ती आणि या राशी नेमक्या एकाच पिढीच्या आहेत असा दावा मी करणार नाही. परंतु तेथे राहणाऱ्यांच्या डोक्यावरच्या धारेवर हे उंचवटे होते आणि दगडांची पहिली झळाळी टिकून होती तोवर ते आजच्यापेक्षा कितीतरी उठून दिसत असणार.

आता खळग्याकडे येतो. राशीच्या मधोमध वाटीसारखा खोलगट भाग दिसला की तो जवळजवळ नेहमीच धन शोधणाऱ्यांच्या कुदळीचा असतो. हा उद्योग फार जुना आहे. १३२४ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याने डेव्हनमधील सहा उंचवटे धनासाठी खणण्याचा परवाना एका सरदाराला दिल्याची नोंद आहे. परवान्याशिवाय किती खणले गेले असतील याचा हिशेब कोणाकडेच नाही. एकोणिसाव्या शतकात धनशोधाची जागा जिज्ञासेने घेतली, पण पद्धत फारशी बदलली नाही. मजूर लावायचे, माथ्यातून थेट मध्यापर्यंत खणत जायचे, वस्तू उचलायच्या आणि माती परत लोटायची.

आपण पाहिलेल्या ‘टू बरोज’ या जोडीपैकी एका उंचवट्याचे असेच झाले. १८७२ मध्ये चार्ल्स स्पेन्स बेट यांनी तो खणला. ते प्लिमथचे दंतवैद्य होते, कवचधारी सागरी जीवांचे नावाजलेले अभ्यासक होते आणि आपल्या काळाच्या मानाने काळजीपूर्वक काम करणारे होते. त्यांना जळलेली हाडे, कांस्याच्या खंजिराचे अवशेष आणि त्या खंजिराच्या मुठीच्या टोकावर बसवलेला अंबराचा, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या प्राचीन झाडांच्या राळेचा, गोलसर गोंडा मिळाला. मधासारख्या रंगाचा तो गोंडा मुठीत मावेल एवढा, आणि त्यात केसासारख्या बारीक सोन्याच्या टाचण्या ठोकून नक्षी केलेली. अंबर बहुधा बाल्टिक समुद्राकडून आलेले, कारागिरी दक्षिण इंग्लंडमधील श्रीमंत थडग्यांच्या तोडीची, आणि सापडले ते या वाऱ्याने झोडपलेल्या धारेवर. दुसऱ्या महायुद्धात प्लिमथवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत तो गोंडा नष्ट झाला. जवळजवळ पावणेचार हजार वर्षे मातीखाली सुखरूप राहिलेली वस्तू उजेडात आल्यावर जेमतेम सत्तर वर्षे टिकली, याचे मला आजही वाईट वाटते.

तर मग हे उंचवटे आता रिकामे आहेत का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगणे भाग आहे. डार्टमूरचा खडक ग्रॅनाइटचा आणि माती आम्लधर्मी. अशा मातीत न जळलेले हाड विरघळून जाते. दहनात भाजून कडक झालेले हाड तेवढे टिकते. म्हणजे दफनपेटी उघडली आणि आत काहीच दिसले नाही, तरी तेथे कोणाला पुरले नव्हते असे म्हणता येत नाही. कापड, कातडे, लाकूड, केस, फुले यांची तर बातच नको. ज्याला आपण थडग्यातील ऐवज म्हणतो तो त्या माणसासोबत ठेवलेला ऐवज नसतो, मातीने आपल्यासाठी मागे ठेवलेला ऐवज असतो. हा फरक मलाही पुस्तकांतून नीट कळला नव्हता. तो कळला व्हाइटहॉर्स हिलमुळे.

हॅमलडाउनपासून वायव्येला सुमारे अकरा किलोमीटरवर, डार्टमूरच्या उत्तर भागात, ६०० मीटरहून किंचित अधिक उंचीवर व्हाइटहॉर्स हिल आहे. हा भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावक्षेत्रात येतो आणि सराव असला की तेथे लाल बावटे लागतात. माथ्यावर पीटचा एक उंचवटा उरला आहे. पीट म्हणजे पाण्यात मुरल्यामुळे धड न कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. भोवतालचा पीट जळणासाठी कापून नेल्यामुळे आणि झिजल्यामुळे हा तुकडा बेटासारखा उभा राहिला होता. त्याच्या कुशीतून एक शिळा निखळून पडली आणि आत दगडी पेटी आहे हे लक्षात आले. उंचवटा वाळत चालला होता, फुटत होता. डार्टमूरवर अशा १८० हून अधिक पेट्या ज्ञात आहेत, पण त्यांतील बहुतेक केव्हाच उघडल्या गेलेल्या. ही तशीच राहिलेली होती आणि फार काळ तशी राहणार नव्हती. म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये तिचे उत्खनन करण्यात आले.

पेटीच्या तळाशी वरवर पाहता फक्त ओलसर, काळपट गोळा होता. घाईचा माणूस त्याला चिखल समजून बाजूला काढता. उत्खनन करणाऱ्यांनी तो जागेवर उकलला नाही. खालच्या थरासह जसाच्या तसा उचलून विल्टशरमधील संवर्धन प्रयोगशाळेत नेला आणि तेथे महिनोन्महिने पापुद्रा पापुद्रा करून सोडवला. तो गोळा म्हणजे अस्वलाचे केसाळ कातडे होते आणि त्यात एका पंधरा ते पंचवीस वर्षांच्या व्यक्तीची जळलेली हाडे गुंडाळलेली होती. ती बहुधा तरुणी असावी, पण हाडांवरून ते खात्रीने सांगता येत नाही. कातड्याच्या घडीला तांब्याची किंवा कांस्याची टाचणी लावलेली होती. सोबत लिंडन वृक्षाच्या अंतर्सालीच्या तंतूंची करंडी होती, आणि करंडीत व तिच्या आसपास सुमारे दोनशे मणी. काही भाजलेल्या मातीचे, काही डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील किमेरिज येथील काळ्या शेल दगडाचे, सात अंबराचे आणि एक कथलाचा. अंगाला लागताच आग होणाऱ्या नेटल या रानझुडपाच्या धाग्यांनी विणलेली आणि कडेला वासराच्या कातड्याची त्रिकोणी नक्षी शिवलेली एक पट्टी होती. स्पिंडल नावाच्या झुडपाच्या कठीण लाकडाच्या दोन जोड्या होत्या, आपल्याकडच्या कुड्यांसारख्या, कानाच्या पाळीत घालायच्या असाव्यात अशा. ब्रिटनमध्ये लाकूड कातून घडवण्याच्या कामाचा इतका जुना पुरावा क्वचितच मिळाला आहे.

यांतली एक वस्तू मला विशेष प्रिय आहे. गाईच्या केसांचा एक बारीक गोफ, दंडावर किंवा मनगटात बांधण्याजोगा, आणि त्यात ओळीने बसवलेली कथलाची इवलीशी टिकल्यांसारखी बटणे. नवा असताना तो काळ्या केसांवर चांदीसारखा चमकत असणार. नैर्ऋत्य इंग्लंड कथलासाठी प्रसिद्ध आहे आणि कांस्य करायला तांब्यात कथील मिसळावेच लागते. तरीही त्या प्रदेशातील लोक इतक्या आधी कथलाचेच दागिने करीत होते, हे या एका थडग्यामुळे हातात आले. रेडिओकार्बन कालमापनानुसार हे दफन इ.स.पू. १७३० ते १६०० या दरम्यानचे आहे. पुढे २०१४ मध्ये या वस्तू प्लिमथच्या संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवण्यात आल्या.

आता कल्पना करा की हीच पेटी व्हाइटहॉर्स हिलच्या ओल्या पीटमध्ये नसून हॅमलडाउनच्या कोरड्या उंचवट्यात असती. कातडे गेले असते, करंडी गेली असती, पट्टी, गोफ आणि लाकडी कुड्या गेल्या असत्या. कथील आम्लधर्मी मातीत भुकटी होऊन बसते, त्यामुळे तेही बहुधा ओळखू आले नसते. उरले असते ते थोडे मणी, एक टाचणी आणि ओंजळभर हाडे, आणि आम्ही अहवालात लिहिले असते की हे साधारण प्रतीचे दफन आहे. अंबराचा गोंडा श्रीमंत आणि हे थडगे गरीब, अशी विभागणी मीसुद्धा विद्यार्थ्यांना शिकवलेली आहे. ती चुकीची होती. त्या तरुण व्यक्तीच्या पाठवणीसाठी अस्वल मारणारा, नेटलचे धागे काढणारा, विणणारा, लाकूड कातणारा आणि सालीची करंडी करणारा, इतक्या जणांचे हात लागले होते. त्या श्रमाची एकही खूण कोरड्या मातीत उरली नसती.

म्हणूनच खळगा पडलेली रास मी रिकामी मानत नाही. कुदळीचा मारा मध्यावर असतो. कडेचे दगड आणि त्यांच्या खालची जमीन पुष्कळदा तशीच राहते. रास रचली त्या दिवशीची जमीन तिच्याखाली झाकली जाते आणि उत्खननात सरळ कापलेल्या मातीच्या भिंतीत ती बोटभर जाडीच्या गडद रेषेसारखी दिसते. त्या रेषेतून चमचाभर माती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की परागकण मिळतात. त्या वेळी हे माळ मोकळे होते की झाडीचे, जवळपास गुरे चरत होती का, हे त्यांवरून सांगता येते. स्कॉटलंडमधील फोर्टेव्हिएट येथे कांस्ययुगीन पेटीत मेडोस्वीट या सुगंधी फुलांचे गुच्छ ठेवलेले सापडले, ते अशाच बारकाईने पाहिल्यामुळे. धन शोधणाऱ्याला त्या मातीचा उपयोग नव्हता आणि स्पेन्स बेट यांच्या काळी ती वाचण्याची साधने नव्हती. त्यामुळे ती अजून तेथे आहे.

विदर्भाविषयीच्या आपल्या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळे खणणारे इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनाही हाच प्रश्न पडला होता. वर्तुळांच्या दगडांवरील वाटीसारखे लहान खळगे त्यांनी टिपले, युरोपातील दगडांवरच्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली आणि १८७९ मध्ये ती प्रसिद्ध केली. दगडांचे वर्तुळ, मध्ये दगडगोट्यांचे भरण, खाली दफन, हे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे हे मान्य. परंतु विदर्भातील ही दफने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील, लोहयुगातील आहेत. माहूरझरीला घोड्यांची दफने आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. डार्टमूरच्या या राशी त्याआधी कित्येक शतके रचून झाल्या होत्या आणि त्या रचणाऱ्यांना लोखंड ठाऊक नव्हते. मधल्या हजारो मैलांत या दोहोंना जोडणारी साखळी नाही. दगड मुबलक असलेल्या प्रदेशात मृतांची जागा दगडांनी राखावी, हे माणसांना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचले आहे. साम्य असेल तर ते आमच्या अज्ञानात आहे. विदर्भाच्या वर्तुळांतूनही आमच्या हाती आले ते लोखंड, तांबे आणि खापरे. त्या लोकांनी मृतासोबत कोणते कापड, कोणती फुले ठेवली असतील, हा प्रश्न मी विद्यार्थी असताना आम्ही विचारलाही नव्हता.

आता शेवटचा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न. घर व्हावे म्हणून तीर्थाच्या वाटेवर दगडांची उतरंड रचणे ही आपल्याकडची श्रद्धा आहे आणि आपल्या सासूबाईंच्या मनात वाईट काहीच नव्हते. परंतु अशा राशीवर दगड ठेवू नये आणि तेथला दगड उचलू नये. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय फेरफार करणे १९७९ च्या ब्रिटिश कायद्यानुसार गुन्हा आहे, पण माझ्या आग्रहाचे कारण कायद्याच्या पलीकडचे आहे. एका डोंगरमाथ्यावर मी दोन वर्षांच्या अंतराने पाहणी केली. पहिल्या वेळी कडेचे नऊ दगड जागेवर मोजले होते. दुसऱ्या वेळी पाच उरले होते, कारण चढून आलेल्यांनी वाऱ्याला आडोसा म्हणून मधल्या खळग्यात भिंत रचली होती. कोणीही नासधूस करायला आले नव्हते. प्रत्येकाने हाताला आला तो एकेक दगड उचलला होता.

आपल्या तिसऱ्या छायाचित्रात उतरंडीचा सर्वांत वरचा दगड मोठा करून पाहा. त्याची एक बाजू पिवळसर हिरव्या, काळ्या रेघांनी विभागलेल्या दगडफुलाने भरली आहे, एखाद्या नकाशावरच्या तालुक्यांसारखी. हे दगडफूल अत्यंत हळू वाढते, काही ठिकाणी वर्षाला मिलिमीटरहूनही कमी. दगडाची दुसरी बाजू फिकट आणि स्वच्छ आहे, म्हणजे ती बाजू कित्येक पिढ्या मातीत किंवा शेजारच्या दगडाला टेकून होती. तो वाटेवर सुटा पडलेला दगड नव्हता, राशीतून काढलेला होता. खालचे तीन दगड मात्र सगळीकडून सारखेच झिजलेले आहेत. ते पायवाटेवरचे असावेत.

तो परत बसवण्यासाठी आपण पुन्हा जाऊ नये. अंदाजाने भलत्या जागी बसवलेला दगड हलवलेल्या दगडापेक्षा अधिक फसवतो. डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाकडे पुरातत्त्वज्ञ आहेत. त्यांना ही छायाचित्रे, तारीख आणि राशीची जागा कळवावी. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात, उतरंड रचण्यापूर्वीच्या, राशीच्या पूर्वेकडील कडेवर दोन दगडांच्या मध्ये ताज्या काळ्या मातीची एक खोबण दिसते. तिचा आकार त्या फिकट बाजूशी जुळतो असे मला वाटते, त्यामुळे ते छायाचित्र न कापता मूळ आकारातच पाठवावे.